रोजच्या घराची रोजकीर्द

घर बदलताना किंवा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली उतरवताना अनेक मध्यमवर्गीय घरांत जाड काळ्या पानांचा एक अल्बम हाती लागतो. हातातली कामे तशीच टाकून सारे कुटुंब त्याभोवती जमते. लग्न, मुंज, बारसे, पदवीदान समारंभ, महाबळेश्वरची एखादी सहल आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून अवघडून उभे असलेले आजोबा, अशी चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढून सरकतात. पाने उलटून झाली की नव्या पिढीतील कोणीतरी सहज विचारते, आपल्या जुन्या घराचे स्वयंपाकघर कसे होते? पाण्याचा हंडा कोठे असे? आजोबा कचेरीतून आल्यावर कोठे टेकत? या प्रश्नांची उत्तरे अल्बममध्ये नसतात. ज्या घरात चार माणसांनी तीस वर्षे काढली, त्या घराचा एकही साधा दिवस त्यात सापडत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांना ही उणीव परिचयाची आहे. बखरींतून लढाया आणि राज्यारोहणे कळतात. परंतु धान्याचा भाव काय होता, मजुराला रोज किती मिळे, सणाला कोणते जिन्नस आणले जात, हे जाणून घ्यायचे तर रोजकीर्द उघडावी लागते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांनी गावोगावच्या घरांतील दप्तरांचे रुमाल सोडले ते याच जाणिवेने. ज्या कारकुनाने आजचा खर्च आजच लिहून ठेवला, त्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. म्हणूनच त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवता येतो. आपल्या कुटुंबाच्या बाबतीत आपण बखर तेवढी लिहितो, रोजकीर्द लिहीत नाही. दररोज घरातील एक छायाचित्र टिपण्याचा जो उपक्रम अलीकडे अनेक देशांत अनेक कुटुंबे करू लागली आहेत, त्याचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. त्याची गणना केवळ हौसेत करणे योग्य होणार नाही.

बारा चित्रांचा संसार

अल्बम प्रसंगांचाच का झाला, याला कारणे आहेत. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा एका चित्रासाठी दीर्घकाळ निश्चल बसावे लागे. हलणारे मूल आणि काम करणारी बाई यांना त्या तंत्रात स्थान नव्हते. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे ही कला आपल्याकडे लवकर आली. पण ती रंगवलेल्या पडद्यापुढे, खुर्चीच्या हातावर हात टेकवून, श्वास रोखून उभे राहण्याची कला होती. १८८८ मध्ये कोडॅक कंपनीने शंभर चित्रांचे रीळ भरलेला कॅमेरा काढला आणि १९०० मध्ये एका डॉलरचा 'ब्राउनी' बाजारात आणला. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत कॅमेरा सामान्य घरांत शिरला. आपल्या सामान्य घरात तो शिरला पुष्कळ नंतर. बडोद्यात तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' हा अनेक घरांतील पहिला कॅमेरा. त्याच्या एका रिळावर बारा चित्रे निघत. रीळ महाग, धुऊन आणणे महाग आणि प्रती काढणे त्याहून महाग. गणपतीत घातलेले रीळ दिवाळीपर्यंत पुरवावे लागे. अशा वेळी भाजी निवडणाऱ्या आईवर बारांपैकी एक चित्र खर्च करणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता.

काटकसरीचा हा एक भाग झाला. पिएर बूर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुसरा भाग दाखवून दिला. कुटुंबातील छायाचित्रण हे बहुधा कुटुंबाच्या एकोप्याचे प्रदर्शन असते. संस्कार आणि समारंभ यांच्या वेळी कॅमेरा बाहेर निघतो, कारण त्या वेळी कुटुंब स्वतःला जसे दिसावेसे वाटते तसे उभे असते, असा त्याचा आशय. हे विवेचन फ्रान्समधील असले तरी आपल्या अल्बमला ते तंतोतंत लागू पडते. रुसलेली आत्या आमच्याही अल्बमात कोठे नाही. ती रुसवा काढल्यानंतर ओळीत उभी केलेली आहे.

या रूढीला अपवाद प्रारंभापासून होते. लुमिए बंधूंनी १८९५ मध्ये जी पहिली चलच्चित्रे घेतली, त्यांत ओग्युस्त लुमिए आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत असल्याचे एक चित्र आहे. झाक आंरी लार्तिग याने विसाव्या शतकाच्या आरंभी, अगदी पोरवयात, आपल्या घरातील भावंडांच्या उड्या आणि फजित्या टिपल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६३ मध्ये त्या मांडल्या, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. आपल्याकडे अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग यांनी कित्येक दशके स्वतःची, पत्नीची आणि दोन मुलींची छायाचित्रे काढली. घरच्या वस्तूकडे चिकाटीने पाहण्याचा सर्वांत बोलका दाखला मात्र दादासाहेब फाळके यांचा आहे. चित्रपटासाठी भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी करून चित्रफितीवर टिपली. रोज पाहणाऱ्याला न दिसणारी वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली आणि पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. कुटुंबातही वाढणे आणि सुकणे असेच चालू असते, आणि रोज पाहत असल्यामुळेच ते आपल्याला दिसत नाही.

एक दिवस, एक चित्र

ही कल्पना एका माणसाने आयुष्यभर पाळली. जेमी लिव्हिंग्स्टन हा अमेरिकन तरुण बार्ड महाविद्यालयात शिकत असताना ३१ मार्च १९७९ रोजी त्याने पोलरॉइड कॅमेऱ्याने एक चित्र घेतले आणि पुढे दररोज एक याप्रमाणे तो चित्रे घेत राहिला. पोलरॉइडच्या चित्राला निगेटिव्ह नसते. जे निघाले ते एकमेव. जेवणाचे टेबल, मित्रांचा घोळका, रस्ता, खोली, कंटाळवाणी संध्याकाळ, असे जे त्या दिवशी असेल ते. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, मेंदूतील गाठीच्या आजाराने तो वारला. अखेरच्या वर्षातील चित्रांत रुग्णालय आहे, डोक्यावरची शस्त्रक्रियेची खूण आहे आणि मृत्यूपूर्वी काही आठवडे झालेले लग्नही आहे. शेवटच्या दिवसाचे चित्रही त्या मालिकेत आहे. ही साडेसहा हजारांहून अधिक चित्रे मित्रांनी जतन केली आणि २००७ मध्ये त्याच्याच महाविद्यालयात मांडली. त्यांतील बहुतेक चित्रे एकेकटी घेतली तर सामान्य आहेत. ओळीने पाहिली तर मात्र एका मनुष्याचे तारुण्य, त्याचा गोतावळा आणि त्याचा अंत पाहणाऱ्यासमोर उभा राहतो.

अर्जेंटिनातील छायाचित्रकार दिएगो गोल्डबर्ग यांच्या कुटुंबाने १९७६ पासून दरवर्षी १७ जून रोजी प्रत्येकाचे एक चित्र घेण्याचा परिपाठ ठेवला. प्रथम पती-पत्नी, मग मुले, पुढे सुना आणि नातवंडे अशी ती ओळ वाढत गेली. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचे दरवर्षी एक चित्र, चौघींचा क्रम न बदलता, चार दशकांहून अधिक काळ घेतले. वार्षिक नोंदीत काळाचा वेग दिसतो. दैनिक नोंदीत काळाचा पोत दिसतो. दोन्हींना मोल आहे. पण ज्याला घर कसे चालत असे हे सांगायचे आहे, त्याला दुसरीचाच आश्रय घ्यावा लागेल.

साध्या दिवसाची किंमत आपल्याला आज कळत नाही, ही केवळ कविकल्पना नव्हे. हार्वर्डमधील काही संशोधकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी नुकतेच झालेले संभाषण, आवडती गाणी, अलीकडचे छायाचित्र अशा किरकोळ गोष्टी नोंदवून ठेवायला सांगितल्या आणि तीन महिन्यांनी त्या पुन्हा पाहताना किती कुतूहल वाटेल, याचा अंदाज विचारला. प्रत्यक्षात वाटलेले कुतूहल अंदाजाहून अधिक निघाले. सणासुदीचे दिवस आपल्याला आठवतील असे आपण मानतो आणि ते काही अंशी आठवतातही. कालचा मंगळवार मात्र कायमचा जातो, आणि पुढे हुरहुर वाटते ती त्याच मंगळवारची.

विपुलतेतील दारिद्र्य

यावर कोणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग या उपदेशाची गरज काय? ११ जून १९९७ रोजी फिलिप कान या अभियंत्याने प्रसूतिगृहातून आपल्या नवजात मुलीचे चित्र मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने आप्तमित्रांना पाठवले. म्हणजे फोनवरील कॅमेऱ्याचा जन्मच कौटुंबिक ओढीतून झाला असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. तेव्हापासून चित्रांचा तुटवडा संपला. परंतु बारा चित्रांच्या रिळाने जी निवड सक्तीने करायला लावली, ती निवडही त्याबरोबर संपली. एका वाढदिवसाची दोनशे चित्रे निघतात, त्यांतली एकशे नव्वद सारखीच असतात आणि दोनशेही पुन्हा कोणी पाहत नाही. फोन हरवला, बिघडला किंवा जुना झाला की तीन वर्षांचे घर त्याबरोबर जाते. माळ्यावरच्या पेटीने साठ वर्षे वाळवीशी झुंज दिली. खिशातला फोन पाच वर्षेही टिकत नाही.

पाहण्याचेही तसेच आहे. लिंडा हेन्केल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींची चित्रे घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी, चित्रे घेतलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. जणू स्मरणाचे काम त्यांनी यंत्रावर सोपवले होते. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून निरखून ज्यांनी टिपला, त्यांच्या स्मरणात अशी घट झाली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. दोष कॅमेऱ्याचा नाही, न पाहता बटण दाबण्याचा आहे. दिवसाला एकच चित्र घ्यायचे असे ठरले, की ते कशाचे घ्यावे यासाठी दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात. या उपक्रमाचा खरा लाभ त्या उघड्या डोळ्यांत आहे. चित्र ही त्याची पावती.

कॅमेऱ्यामागचे आणि चुलीपुढचे

आता या विषयातील अधिक गंभीर भागाकडे वळले पाहिजे. कुटुंबाच्या चित्रांतून जे गळते, ते योगायोगाने गळत नाही. आमच्या घरच्या अल्बममध्ये आईची मोजून पाच चित्रे आहेत आणि पाचही चित्रांत तिच्या अंगावर एकच जरीचे लुगडे आहे. हे लुगडे तिने उभ्या आयुष्यात दहाबारा वेळा नेसले असेल. ज्या सुती लुगड्याच्या पदराला आम्ही हात पुसले, ज्याला हळदीचा आणि रॉकेलचा वास येई, ते कोठेच नाही. ती पहाटे पाणी भरताना, अंधुक दिव्याखाली तांदूळ निवडताना, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली असताना कोणी चित्र घेतले नाही. वडिलांचा कॅमेरा त्या वेळी कपाटात असे. आम्हालाही त्याचे काही वाटले नाही. आज तिचा चेहरा आठवू लागले की जरीच्या लुगड्यातली ती परकी बाईच पुढे येते, आणि तिला बाजूला सारून खऱ्या आईपर्यंत पोहोचायला श्रम पडतात.

हे एका घराचे दुःख नाही. जो ब्रिटिश छायाचित्रकार स्त्री, जो स्पेन्स, तिने १९७९ मध्ये स्वतःचा कौटुंबिक अल्बम जाहीरपणे मांडून नेमका हाच प्रश्न विचारला की यात कष्ट, आजार, भांडणे आणि पैशाची ओढाताण कोठे आहे? १९८२ मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यावर तिने स्वतःच्या आजाराचीही चित्रे घेतली. मराठीत हे काम लेखणीने झाले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला आपण मानतो, ते त्यातील थोरामोठ्यांच्या दर्शनासाठी नव्हे. एका संसारातील सोवळेओवळे, उपासमार, रुसवेफुगवे आणि विनोद त्या बाईंनी न लपवता सांगितले म्हणून ते पुस्तक जिवंत आहे. परंतु प्रत्येक घरात लक्ष्मीबाई नसतात. अशा घरांसाठी रोजचे एक प्रामाणिक चित्र हाच त्यातल्या त्यात सुलभ मार्ग आहे.

यासाठी एक पथ्य आवश्यक आहे. कॅमेरा एकाच हाती राहता कामा नये. जो चित्र घेतो तो चित्रात नसतो आणि त्याला जे महत्त्वाचे वाटते तेवढेच उरते. आठवड्यातील एक दिवस तो आजीकडे द्यावा, एक दिवस शाळकरी मुलाकडे द्यावा. मुलाने घेतलेल्या चित्रात मोठ्यांची डोकी कापली जातील आणि जमिनीवरचे मांजर मधोमध येईल. त्या घराची ती उंचीही खरी आहे.

अधिकार कोणाचा?

टिपणे वेगळे आणि मांडणे वेगळे. सॅली मॅन या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीने आपल्या तीन मुलांची चित्रे १९९२ मध्ये 'इमीजिएट फॅमिली' या पुस्तकात छापली, तेव्हा मुलांच्या वतीने संमती कोण देणार, यावर मोठा वाद झाला. आज तो वाद घरोघरचा झाला आहे. न्हाणीतले मूल, परीक्षेत नापास झाल्याने रडणारी मुलगी, भ्रमिष्ट झालेले आजोबा यांची चित्रे क्षणार्धात शेकडो लोकांपुढे जातात आणि जी माणसे त्यांत आहेत त्यांना कोणी विचारलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली. परंतु जेथे पालकच हौसेने मुलाला चव्हाट्यावर आणतात, तेथे पालकांची संमती हे संरक्षण कसे ठरावे? येथे कायद्यापेक्षा घरातील सभ्यताच कामी येईल. मूल 'नको' म्हणाले तर कॅमेरा खाली घ्यावा, हा नियम घरात असला पाहिजे.

फ्रेंच लेखक रोलां बार्थ याने आई गेल्यानंतर तिची जुनी चित्रे चाळली आणि ती पाच वर्षांची असतानाच्या एका चित्रात त्याला ती खऱ्या अर्थाने सापडली. १९८० च्या आपल्या पुस्तकाचा मोठा भाग त्याने या एका चित्रावर लिहिला, पण ते चित्र मात्र छापले नाही. इतरांच्या लेखी ते एक सामान्य चित्र ठरले असते, हे त्याला ठाऊक होते. कौटुंबिक चित्राचे मोल असे त्या कुटुंबापुरते असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. रोजकीर्द चावडीवर वाचून दाखवण्यासाठी लिहिलेली नसते.

तथापि, आजारपण आणि मृत्यू यांच्या वेळी कॅमेरा उचलावा काय, हा प्रश्न उरतोच. त्याला सर्वांसाठी एक उत्तर नाही. लिव्हिंग्स्टनने स्वतःचे आजारपण स्वतःच टिपले. दुसऱ्याचे टिपायचे तर त्याची इच्छा प्रमाण मानावी. शंका असेल त्या दिवशी रिकाम्या खाटेचे, औषधाच्या बाटल्यांचे किंवा दाराशी काढलेल्या चपलांच्या गर्दीचे चित्र घ्यावे. तो दिवस सांगायला तेवढे पुरते.

ज्यांच्या घरी सकाळची लोकल आणि संध्याकाळची शिकवणी यांतून श्वास घ्यायला उसंत नाही, त्यांना हे सारे चोचले वाटतील. तो आक्षेप अगदीच निराधार नाही. पण या कामाला लागते ते एक मिनिट आणि थोडी शिस्त. हजेरीपट रोज भरणाऱ्या शिक्षकाला आणि आवक-जावक नोंदवही रोज लिहिणाऱ्या लिपिकाला ती शिस्त नव्याने शिकवायला नको. दिवसाला एक चित्र, त्याखाली तारीख, माणसांची नावे आणि एक ओळ, एवढे पुरे. नावे लिहिणे कधीही चुकवू नये. पेटीतल्या निम्म्या चित्रांवर 'हे कोण?' असे विचारण्याची पाळी येते ती या आळसामुळे. महिन्याला दोन-तीन चित्रे कागदावर काढून घ्यावीत आणि वहीत चिकटवावीत, म्हणजे वर्षाला तीसेक चित्रांचा अल्बम होईल आणि तो फोनच्या आयुष्यावर अवलंबून राहणार नाही. शिक्षकांना सुटीचा अभ्यास म्हणून विद्यार्थ्यांना महिनाभराचे काम देता येईल. अट एकच घालावी की चित्रात चेहरा नको. मग कणीक मळणारे हात, दप्तराचा तुटलेला बंद, वडिलांची सायकल, खिडकीत वाळत घातलेला गणवेश असे विषय मुलांना आपोआप सुचतील. शिक्षकांनीही ते गुणांसाठी तपासू नयेत. कोणाच्या घरात काय आहे आणि काय नाही, याची तुलना वर्गात होता कामा नये.

असे वर्ष दोन वर्षे चालले तरी पुढच्या पिढीच्या हाती जे लागेल ते आपल्या हाती लागलेल्या अल्बमपेक्षा अधिक खरे असेल. त्यात मुंज आणि लग्न असतीलच, ती चुकत नाहीत. पण पाण्याचा हंडा कोठे असे, असे जेव्हा पुढे कोणी विचारील, तेव्हा पान उलटून ते दाखवता येईल, आणि बहुधा त्या हंड्याशेजारी, रोजच्या लुगड्यात, आईही उभी असेल.